नाटकमंडळ्यांचा जमाखर्च

मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नटांच्या गळ्याविषयी, नाटककारांच्या प्रतिभेविषयी आणि प्रेक्षकांच्या रसिकतेविषयी जितके विपुल लिहून ठेवले आहे, तितके त्या सर्व वैभवाच्या बुडाशी असलेल्या कीर्दखतावणीविषयी लिहिलेले नाही. आणि हे एका अर्थी स्वाभाविकही आहे, कारण ज्याने ‘स्वयंवर’ मनसोक्त ऐकले, त्याला त्या रात्रीचे उत्पन्न किती झाले हे विचारण्याची वासना होणे कठीणच. तथापि जी संस्था जवळजवळ शंभर वर्षे मुख्यत्वेकरून तिकिटांच्या विक्रीवर उभी राहिली, आणि जी ऐन भरभराटीच्या दिवसांत ऋणग्रस्त झाली, तिच्या उत्कर्षापकर्षाची मीमांसा जमाखर्चाचे दफ्तर उघडल्यावाचून पुरी होणे शक्य नाही. बोलपटांनी संगीत रंगभूमीचा घात केला, हे विधान आता सर्वमान्य झाले आहे. पण ते अर्धसत्य आहे. बोलपट अवतरला त्यापूर्वीच आमच्या थोर मंडळ्या कर्जाने आतून पोखरल्या गेल्या होत्या, आणि ते कर्ज प्रेक्षकांनी पाठ फिरविली म्हणून झालेले नव्हते. नाट्यगृहे तुडुंब भरत असतानाच ते वाढत गेले होते.

१८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगविले, तेव्हा उत्पन्नाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांची आज्ञा होती, खर्च दरबारचा होता आणि प्रेक्षकही दरबाराच्याच परिघातले होते. १८५१ साली आप्पासाहेब निवर्तले आणि हा आश्रय आटला, तेव्हा अंगावर माणसांचा भार आणि हाती मात्र केवळ कला, अशा स्थितीत भाव्यांपुढे दोनच मार्ग राहिले: मंडळी मोडावी, किंवा जे दरबारने दिले ते रयतेपाशी मागावे. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला, आणि १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात दाम घेऊन नाटक दाखविले. याच वर्षी मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली, ही गोष्ट केवळ योगायोगाची असली तरी तिचा नाटकाच्या अर्थकारणाशी पुढे फार निकटचा संबंध आला. कारण ज्या धंद्याचे गिऱ्हाईक एका गावी पंधरवड्यात किंवा महिन्यात संपून जाते, त्या धंद्याला गावोगाव फिरण्यावाचून गत्यंतर नसते, आणि ते फिरणे लोहमार्गाने सुकर केले. राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे झालेले हे संक्रमण आमच्या रंगभूमीच्या इतिहासातील पहिली आणि सर्वांत मोठी आर्थिक क्रांती होय.

भाव्यांच्या पाठोपाठ इचलकरंजीकर, आळतेकर अशा गावांच्या नावांनी मंडळ्या निघाल्या. त्यांचे भांडवल अल्प असे: एखादा पडदा, काही वेष, राक्षसांची आयुधे, आणि गाण्याची बहुतेक जबाबदारी शिरावर घेणारा सूत्रधार. भांडवल अल्प म्हणून जोखीमही अल्प. हंगाम वाया गेला तर मंडळी पांगत आणि पुढील वर्षी दुसऱ्या नावाने पुन्हा जमत. मोठे कर्ज काढावयास मोठी पत लागते, आणि ती पत अद्याप नाटकवाल्यांस कोणी देत नव्हते.

ही पत किर्लोस्कर नाटक मंडळीने मिळवून दिली. पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतला’चे पहिले अंक सादर केले, आणि दोनच वर्षांनी ‘सौभद्र’ आणून आपल्या मंडळीचा पाया पक्का केला. सुशिक्षित, पांढरपेशा आणि पैसे बाळगून असलेला वर्ग कुटुंबासह नाटकास येऊ लागला. एकच नाटक तोच प्रेक्षक पुनःपुन्हा पाहू लागला, कारण कथानक एकदा कळले की संपते, पण भाऊराव कोल्हटकरांच्या तोंडचे पद दहा वेळा ऐकले तरी संपत नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने संगीताचा हा केवढा लाभ! एकदा बसविलेले नाटक वर्षानुवर्षे उत्पन्न देत राही; ‘सौभद्र’, ‘शारदा’ यांसारखी नाटके म्हणजे मंडळीची वतनेच होती, आणि नवे नाटक पडले तर तिला सावरून धरण्याचे सामर्थ्य त्यांच्यात होते.

परंतु याच लाभात पुढील संकटाचे बीज दडलेले होते. गद्य नाटक करणाऱ्या मंडळीस, मग ती गणपतराव जोशांच्या तेजाने तळपणारी शाहूनगरवासी का असेना, नट आणि वेष एवढ्यावर भागविता येई. संगीत मंडळीस उत्तम गळ्याचा नायक, त्याहून उत्तम गळ्याचा आणि रूपाचाही स्त्रीपार्टी, तबलजी, सारंगिये, ऑर्गनवादक आणि शिकविणारे गवई, हा सर्व परिवार बारमाही पोसावा लागे. त्यातच मुंबईच्या पारशी मंडळ्यांनी रंगीत पडद्यांची आणि चमत्कृतिपूर्ण दृश्यांची गोडी प्रेक्षकांस लावून ठेवलेली होती, तेव्हा डोळ्यांचे समाधान करण्याचा खर्चही टाळता येण्याजोगा राहिला नाही.

मंडळीचे आर्थिक शरीर कसे होते, हे येथे जरा विस्ताराने सांगितले पाहिजे. नाटक मंडळी म्हणजे धंद्याची पेढी नव्हती, ते एकत्र कुटुंब होते. मालक किंवा भागीदार हे कुटुंबप्रमुख. नट, साथीदार, पडदे ओढणारे, कपडेपट सांभाळणारे, आचारी, पाणके आणि शिकाऊ मुले मिळून शंभरांच्या आसपास माणसांचे बिऱ्हाड मोठ्या मंडळीत सहज असे. प्रत्येकास पगार ठरलेला, आणि पगारावर दोन्ही वेळचे जेवण, राहण्याची जागा, आजारात औषधपाणी, प्रवासाचे भाडे, अनेकदा घरच्या लग्नामुंजीचा खर्च. प्रयोग आठवड्यात दोन किंवा तीन होत. परंतु पंगती मात्र चौदा उठत. ज्या दिवशी तिकीट विकले जात नसे, त्या दिवशीही भटारखान्याची चूल पेटलेलीच असे. मुक्काम हलविताना दोनतीन दिवस उत्पन्नाशिवाय जात, आणि सामानाचे रेल्वेभाडे, हमाली, नव्या गावी भाड्याचे वाडे, जाहिराती व परवाने यांचा खर्च पहिल्या पडद्याआधीच करावा लागे.

जमेच्या बाजूस पाहावे तर उत्पन्नाला एक अभंग मर्यादा होती, आणि ती म्हणजे नाट्यगृहातील आसनांची संख्या. पुढच्या खुर्च्या, मागचा पिट, वरची गॅलरी आणि स्त्रियांची राखीव जागा मिळून जेवढी माणसे मावत, त्यांच्या दरांची बेरीज हीच त्या रात्रीची परमावधी. नऊसाडेनऊस सुरू झालेले पाच अंकी नाटक वन्समोअर घेत घेत उत्तररात्रीपर्यंत चाले, तेव्हा एका रात्री दोन खेळ ही कल्पनाच असंभाव्य. दर वाढवावा तर पिटातला खरा रसिक दुरावे. शिवाय पास मागणारे अधिकारी, गावचे प्रतिष्ठित आणि हितचिंतक यांना नाही म्हणण्याची मंडळीस सोय नसे. नाट्यगृहाचे भाडे, नाटककाराचा मोबदला आणि कोणा नटासाठी अथवा सार्वजनिक कार्यासाठी द्यावयाचे बेनिफिट प्रयोग हे वजा जाता उरलेल्या रकमेवर शंभर माणसांचा आठवडा चालवावयाचा. मर्यादा अशी केवळ उत्पन्नाला होती, खर्चाला नव्हती. भरभराट म्हणजे काय, तर प्रत्येक रात्री ही परमावधी गाठणे. आणि ती गाठल्यावर त्यापलीकडे जाण्याचा मार्ग नसतानाही वैभव मात्र वाढवीत नेणे, हा या धंद्याचा जणू धर्म झाला होता.

राखीव गंगाजळी ठेवण्याची प्रथा जवळजवळ नव्हतीच, आणि आपत्ती तर नाना प्रकारच्या येत. १८९६ पासूनच्या प्लेगाने शहरे ओस पाडली, तेथे नाटकास कोण येणार? १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने खाडिलकरांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणले आणि त्याने मराठी मुलूख हालवून सोडला. परंतु १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली, आणि मंडळीचे सर्वांत किफायतशीर नाटक एका हुकुमासरशी बंद पडले. नट मृत्यू पावला किंवा फुटून निघाला, तर त्याच्या आवाजासाठी बसविलेली नाटकेही निरुपयोगी होत. भाऊराव १९०१ साली गेले तेव्हा किर्लोस्कर मंडळीवर हाच प्रसंग आला, आणि १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस हे तरुण मंडळीत दाखल झाले तेव्हाच तिची ही चिंता पुरती फिटली.

नारायणराव, म्हणजेच बालगंधर्व, यांच्या कर्तव्यनिष्ठेची एक हकीकत सर्वश्रुत आहे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग ठरलेला असताना त्याच दिवशी त्यांची कन्या वारली, तरीही त्या रात्री त्यांनी भामिनीची भूमिका केली. ही हकीकत नेहमी त्यांच्या मनोधैर्याचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि ते यथार्थच आहे. परंतु एवढ्या मोठ्या मंडळीचा प्रपंच एका माणसाच्या रंगमंचावर येण्यावर किती अवलंबून होता, याचेही ते विदारक उदाहरण आहे. त्याच वर्षी मालकनट नानासाहेब जोगळेकर दिवंगत झाले, व्यवस्थापनाविषयी मतभेद माजले, आणि १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. किर्लोस्कर मंडळी यानंतरही चालली, पण पूर्वीचे तेज तिला पुन्हा आले नाही.

गंधर्व मंडळीला बडोद्याच्या सयाजीरावांचा आश्रय लाभला, खाडिलकरांची लेखणी लाभली, १९१६ साली ‘स्वयंवर’ आणि १९१९ साली गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ लाभले. नाट्यगृहाबाहेर तिकिटांसाठी झुंबड उडे. अशा मंडळीस कर्ज होण्याचे कारण काय? कारण हे की, बालगंधर्व रंगभूमीकडे धंदा म्हणून कधी पाहूच शकले नाहीत. रुक्मिणीचा शालू खऱ्या जरीचा पाहिजे, अलंकार डोळ्यांस खरे दिसले पाहिजेत, नाट्यगृहात अत्तराचा दरवळ पाहिजे, साथीला थिरकवाँसारखा तबलजी आणि कादरबक्षांसारखा सारंगिया पाहिजे. प्रेक्षक हा मायबाप, आणि मायबापापुढे उणे काही ठेवावयाचे नाही, ही त्यांची श्रद्धा होती. टेंबे आणि बोडस कालांतराने मंडळीतून वेगळे झाले आणि सर्व भार एकट्या नारायणरावांच्या शिरावर आला. महायुद्धाने कापडापासून धान्यापर्यंत सर्व वस्तू महाग करून ठेवल्या होत्या. तशा काळात, १९२० साली, ‘द्रौपदी’ निघाले, आणि मयसभेचे वैभव उभे करण्यासाठी केलेला खर्च असा डोईजड झाला की ते नाटक तो भरून काढू शकले नाही. १९२१ च्या सुमारास मंडळीचे देणे लाख रुपयांच्या वर गेले होते. पडदे आणि कपडेपट यांना बाजारात किंमत ती काय येणार? सावकाराच्या दृष्टीने खरे तारण एकच होते, आणि ते म्हणजे बालगंधर्वांचा गळा.

या पार्श्वभूमीवर ८ जुलै १९२१ ची रात्र पाहिली पाहिजे. महात्मा गांधींनी टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोट रुपये जमविण्याचा संकल्प सोडला होता, आणि त्या फंडाच्या साहाय्यार्थ गंधर्व व ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर, असा योग महाराष्ट्राने पूर्वी पाहिला नव्हता. सर्वोच्च तिकीट शंभर रुपयांचे होते, आणि तरीही नाट्यगृह अपुरे पडले. रसिकांनी या रात्रीच्या गायनाची आठवण जन्मभर जपली. परंतु हिशेबाच्या वहीतून पाहणाऱ्याला त्या रात्रीने दोन गोष्टी सांगितल्या. एक अशी की, उत्कृष्ट नाटकाची जी किंमत द्यावयास समाजातील धनिक सिद्ध होते, ती सामान्य दिवशी त्यांच्याकडून कधी घेतलीच गेली नव्हती. आणि दुसरी अशी की, जे नट स्वतः ऋणाच्या ओझ्याखाली वाकले होते, त्यांनी आपल्या कलेचे सर्वांत मोठे मोल राष्ट्राच्या चरणी वाहिले, स्वतःच्या सावकाराकडे नेले नाही. मराठी नटवर्गाकडे तुच्छतेने पाहणाऱ्या काळात घडलेला हा त्याग केवळ अभिनंदनीय नव्हे, तर वंदनीय आहे.

तीन महिने पुरते लोटले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव भोसले वयाच्या एकतिसाव्या वर्षी कालवश झाले. १९०८ साली हुबळीस स्थापन केलेली आपली मंडळी आणि तिच्यावरील कर्ज दोन्ही त्यांनी बापूराव पेंढारकरांच्या हाती ठेवली. बापूरावांनी ललितकलादर्श मोडू दिली नाही. १९२२ साली वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ आणून आणि चित्रकार पु. श्री. काळे यांच्या साहाय्याने नेपथ्यात नवा वास्तवपणा साधून त्यांनी मंडळी चालती ठेवली. इकडे बालगंधर्वांनीही गावोगाव प्रयोग करून, तिकिटाच्या पैशातून, ते दशक संपण्यापूर्वी आपले मोठे ऋण फेडले. लाखाचे कर्ज चार आणे, आठ आणे आणि रुपया देणाऱ्या माणसांच्या जोरावर फिटते, ही गोष्ट मराठी प्रेक्षकांच्या निष्ठेची साक्ष आहे. मात्र कर्ज फिटले तरी ते जिच्यातून उद्भवले ती रीत बदलली नाही. याच काळात १९२३ च्या कायद्याने मुंबई सरकारने करमणूक कर बसविला, आणि तो तिकिटावर असल्यामुळे मंडळीस नफा होवो वा तोटा, सरकारचा वाटा आधी बाजूस काढणे प्राप्त झाले.

अशा स्थितीत १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलमआरा’ झळकला आणि पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. बोलपटाचे सामर्थ्य त्याच्या नवलाईत जितके होते, त्याहून अधिक त्याच्या हिशेबात होते. त्याचा खर्च एकदाच होई, आणि उत्पन्नाला आसनांची मर्यादा राहत नसे. एकाच दिवशी तीन खेळ, एकाच रात्री अनेक गावे, आणि पडद्यावरचा नट ना जेवावयास मागत ना त्याचा आवाज बसत. नाट्यगृहाच्या मालकास चित्रपटवाल्याचे नित्य भाडे अधिक भरवशाचे वाटले यात त्याचा दोष नाही. एकामागून एक नाट्यगृहे चित्रपटांस दिली गेली, आणि मंडळ्यांस मुक्कामाला जागाच उरेना. बळवंत संगीत मंडळीने काळाची पावले ओळखून स्वतःच चित्रनिर्मितीत उडी घेतली. दीनानाथ मंगेशकर आणि चिंतामणराव कोल्हटकर यांच्या त्या साहसातून १९३४ चा ‘कृष्णार्जुन युद्ध’ निघाला, परंतु तो तारक न ठरता मारक ठरला, आणि ‘रणदुंदुभी’सारखे नाटक गाजविणारी ती मंडळी अस्तंगत झाली. बालगंधर्वांनी मंडळीचा व्याप आवरून १९३५ साली ‘धर्मात्मा’ चित्रपटात एकनाथांची भूमिका केली. पण कॅमेऱ्यापुढे त्यांचे मन रमले नाही आणि ते पुन्हा रंगभूमीवर, पुन्हा त्याच अनिश्चिततेत परत आले. बापूराव पेंढारकर १९३७ साली गेले. शतकभराचा तो प्रपंच विसकटला.

यातून जी नवी घडी बसली, तिचे श्रेय मुख्यतः हिशेबी दृष्टीस द्यावे लागेल. १९३३ साली नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ आणून आटोपशीर, मोजक्या पात्रांच्या नाटकाचा मार्ग दाखविला. ती संस्था फार काळ टिकली नाही, परंतु तिने दाखविलेल्या मार्गाला मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने व्यवहाराचा भक्कम पाया दिला. ‘कुलवधू’ १९४२ साली निघाले. तीन अंक, एकच दिवाणखाना, स्त्रीभूमिकांत स्त्रिया, वेळेवर सुरू आणि वेळेवर समाप्त. आणि या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट अशी की, नटांचे बिऱ्हाड पोसण्याची पद्धत गेली आणि प्रयोगागणिक ‘नाईट’ देण्याची पद्धत आली. प्रयोग झाला तर खर्च, नाही तर नाही. पंगती बंद झाल्या, आणि पंगतींबरोबर कर्जाची ती जुनी अपरिहार्यताही संपली.

हा बदल इष्ट होता की अनिष्ट? तो अटळ होता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ज्या व्यवस्थेत रसिकांची गर्दीच मालकास कर्जबाजारी करते, ती व्यवस्था टिकणे न्यायाचेही नव्हते. परंतु तिच्याबरोबर काय गेले याचाही हिशेब मांडला पाहिजे. ते एकत्र कुटुंब अन्न देता देता विद्याही देत होते. आठदहा वर्षांचे पोर मंडळीत येई, पडद्यामागे उभे राहून हजार रात्री तेच पद ऐके, मास्तरांच्या तालमीत तावूनसुलाखून निघे, आणि त्यातून नट घडे. केशवराव भोसले अशाच रीतीने बालपणी स्वदेशहितचिंतक मंडळीत घडले. हे शिक्षण कोणत्याही हिशेबात जमेस धरले गेले नव्हते, त्याचा खर्च मात्र भटारखान्याच्या सदरात पडत होता. आणि म्हणून चूल विझविताना शाळाही बंद होत आहे हे ध्यानात आले नाही. रात्रीपुरता नट मिळतो, पण नट रात्रीत घडत नाही.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा की, नाटकाला जगवावयाचे तर त्याच्या तिकिटाने केवळ प्रयोगाचा खर्च भागवावा, आणि नाट्यगृह व नटाचे शिक्षण या दोन दीर्घ मुदतीच्या खर्चांची जबाबदारी समाजाने घ्यावी. कारण आसनांची संख्या जोवर मर्यादित आहे, तोवर हे तिन्ही भार एकट्या गल्ल्याला पेलणारे नाहीत, हे किर्लोस्करांपासून गंधर्वांपर्यंतच्या अनुभवाने निःसंशय सिद्ध केले आहे. महानगरपालिकेने पुढे येऊन पुण्यास बालगंधर्व रंगमंदिर बांधले, १९६२ साली त्याची कोनशिला स्वतः बालगंधर्वांच्या हस्ते बसली आणि १९६८ साली ते खुले झाले, ही या दिशेने पडलेली मोठी पावले होती. जागेचा प्रश्न त्यांनी अंशतः सोडविला. नट घडविण्याचा प्रश्न तितक्याच आस्थेने हाती घेणे अवश्य आहे. ज्या नटांनी स्वतः कर्जात राहून महाराष्ट्राला तीन पिढ्या आनंद दिला, त्यांचे ऋण आठवणींच्या गौरवाने फिटणार नाही. ज्या खर्चापायी त्यांचे संसार बुडाले, तो खर्च यापुढे समाजाच्या नावे लिहिला जाईल, तेव्हाच त्यातून आपण उतराई होऊ.